येऊरचा वॉक आणि रात्री अडीचची जाग

ताई, नमस्कार. मी ठाण्यात राहते, वय ४९, बँकेत नोकरी. माझ्या सासूबाई पावणेदोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. दिवसा बाई होती पण रात्रीचं सगळं मीच बघायचे, दर दोन-अडीच तासांनी त्यांची कूस बदलायला लागायची नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. मार्चमध्ये त्या गेल्या. आठ महिने होत आले तरी मला रात्री अडीचला जाग येते म्हणजे येतेच, उठून त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाते आणि मग आठवतं. मध्यंतरी बीपीची गोळी पण सुरू झालीय. आता ऑफिसच्या मैत्रिणींनी येऊरला फॉरेस्ट बाथिंग वॉक बुक केलाय, सोबत गाईड, रविवारी सकाळी तीन तास, माणशी बाराशे रुपये, आणि माझंही नाव घातलंय. मिस्टर म्हणतात जंगलात अंघोळीचे बाराशे? आई सावंतवाडीकडची, ती फोनवर म्हणाली, "आमी जल्मभर रानातच फिरलंव गो, तू पैसे देऊन कशाक जातंस?" मलाही कळत नाहीये. एक तर मला शांत बसता येत नाही, योगाच्या क्लासला शवासनात सुद्धा डोक्यात उद्याचा डबा असतो. दुसरं, येऊरला बिबटे आहेत. आणि खरं सांगू का, सासूबाई जाऊन वर्षही झालं नाही आणि मी अशी फिरायला निघाले तर बरं दिसेल का असंही वाटतं. जाऊ का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.
— ठाण्याची एक वाचक

अगं, जा. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या अडीचच्या जागेपाशी थांबले. माझे वडील शेवटचं वर्ष घरीच होते, रात्रभर ऑक्सिजनचं मशीन चालू असायचं आणि त्याची घरघर थांबली की मी ताडकन उठायचे, कारण थांबली म्हणजे एक तर लाईट गेली नाहीतर काहीतरी बिघडलं. ते गेल्यावर मशीन परत दिलं, पण पुढे कितीतरी महिने रात्री फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद पडला की मी उठून बसलेली असायचे. नवरा शेजारी झोपलेला, घर शांत, आणि माझं काळीज धडधडतंय. त्यामुळे तू त्या दारापर्यंत जातेस ना, ते मला न सांगता कळतं. पावणेदोन वर्षं तुझा कान झोपेतसुद्धा एकाच हाकेकडे लागलेला होता, माणूस गेलं म्हणून तो कान लगेच मोकळा होत नाही.

आणि म्हणूनच मी तुला जा म्हणतेय, फुफ्फुसं स्वच्छ होतील म्हणून नाही. जंगलात भरपूर आवाज असतात, पानांचे, पाखरांचे, किड्यांचे, लांबून कुठूनतरी कुत्र्याचे, पण त्यातला एकही आवाज तुला हाक मारत नसतो. एकाही आवाजावर उठून काही करायचं नसतं. घरात असं होतच नाही गं, कुकरची शिट्टी, बेल, फोन, वॉशिंग मशीनचं ते पीं पीं, सगळे आपल्यालाच उद्देशून असतात. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या जोडप्याने आयुष्यभर यावरच काम केलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की मुद्दाम ताणून धरलेलं लक्ष दमतं, आणि हलणारी पानं, ढग, वाहतं पाणी असल्या गोष्टी आपल्याकडून काहीही न मागता लक्ष धरून ठेवतात, म्हणून तिथे ते दमलेलं लक्ष विसावतं. तुझं लक्ष किती दमलं असेल याचा हिशोब कोण करणार.

आता अंघोळीचं. मिस्टर हसले तर हसू देत, शब्द ऐकून कुणालाही प्रश्न पडेल. मूळ शब्द जपानी, शिनरिन-योकू, म्हणजे जंगल आणि न्हाणं. सूर्यस्नानाला त्यांच्याकडे निक्को-योकू म्हणतात, त्याच चालीवर हा शब्द १९८२ मध्ये तिथल्या वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी काढला. आपण नाही का बाळंतिणीला सांगत की सकाळचं कोवळं ऊन अंगावर घे, तसं जंगल अंगावर घ्यायचं, पाण्याचा काही संबंध नाही, हे मिस्टरांना जेवताना सांग. पहिला कार्यक्रम झाला तो नागानो भागातल्या अकासावाच्या जंगलात, तिथे हिनोकीची तीनशे वर्षांहून जुनी झाडं आहेत, आणि ती टिकली कारण एके काळी तिथे हिनोकी तोडणाऱ्याला देहदंड होता, 'एक झाड, एक मुंडकं' अशी म्हणच पडली होती. १९८२ पर्यंत जपान बदलून गेलेला, माणसं शहरात, ऑफिसात, आणि कामाच्या ताणाने मरण येणं याला त्यांच्या भाषेत कारोशी असा वेगळा शब्द पडलेला. त्या माणसांना जंगलाकडे आणायचं होतं आणि जंगलं राखायलाही लोकांची आस्था हवी होती. शब्द आधी आला, डॉक्टरी तपासण्या नंतर.

त्या तपासण्यांबद्दल तुला नीट सांगते कारण तुला बीपी आहे आणि व्हॉट्सअॅपवर काय वाट्टेल ते फिरत असतं. चिबा विद्यापीठाच्या योशिफुमी मियाझाकी यांच्या टीमने २४ जंगलांत तरुण मुलांना नेऊन, आणि तुलनेसाठी शहरात फिरवून, नाडी, बीपी, लाळेतलं कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन मोजलं, आणि जंगलात हे सगळं शहरापेक्षा कमी भरलं. टोकियोचे डॉक्टर चिंग ली यांनी २००५ मध्ये ऑफिसात काम करणाऱ्या १२ पुरुषांना तीन दिवस दोन रात्री जंगलात नेलं आणि त्यांच्या रक्तातल्या नॅचरल किलर पेशी, म्हणजे शरीराच्या पहाऱ्यावरच्या पेशी, जास्त काम करताना दिसल्या. झाडं हवेत जी सुवासिक द्रव्यं सोडतात, फायटोनसाइड म्हणतात त्यांना, त्याचाही यात हात असावा असं त्यांचं म्हणणं. चांगलंच आहे हे. पण माणसं १२, तीही पुरुष, आणि जंगल जपानचं, तिथली झाडंच वेगळी. आपलं येऊर म्हणजे साग, ऐन, पळस, कांडोळ, बांबू, त्यामुळे तिकडचे आकडे जसेच्या तसे इकडे चिकटवू नये. आणि बीपी जंगलात उतरतं ते थोडं उतरतं, त्या दिवसापुरतं उतरतं. गोळी बंद करायची नाही, रविवारी सकाळीसुद्धा घेऊनच निघायचं, आणि खाली बसलेली असशील तर उठताना हळू उठ, बीपीच्या गोळ्यांवर एकदम उठलं की चक्कर येऊ शकते. गाईडला आधीच सांगून ठेव.

शांत बसता येत नाही म्हणतेस, तर ऐक, हे ध्यान नाहीये. डोकं रिकामं करायचं नसतं. डबा आठवला तर आठवू दे.

मी माझंच सांगते. पहिल्यांदा गेले तो अनुभव वाईट होता. जवळजवळ पस्तीस माणसं, गाईडकडे ब्लूटूथ स्पीकर आणि त्यावर बासरी, दर दहा मिनिटांनी ग्रुप फोटो, आणि शेवटी सगळ्यांनी गोल करून एकेकाने रडून दाखवावं अशी जवळजवळ सक्तीच. घरी आले ती डोकं दुखतच. पण दोन वर्षांनी एका मैत्रिणीने जबरदस्तीने माथेरानला नेलं, तिथे आम्ही नऊ जणी होतो आणि गाईड बाई फार कमी बोलणारी होती. तिने पहिली पंधरा मिनिटं फक्त उभं राहायला सांगितलं, काय काय हलतंय ते बघा एवढंच. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी आहे त्यामुळे पायाखालच्या लाल मातीचाही आवाज ऐकू येतो. मग म्हणाली एक झाड निवडा आणि त्याच्याजवळ वीस मिनिटं राहा. माझ्या वाट्याला एक जुनं जांभळाचं झाड आलं. पहिली पाच-सात मिनिटं मी घड्याळच बघत होते, खोटं कशाला सांगू. मग कंटाळून खोडाकडे बघायला लागले तर सालीवर राखाडी-हिरवट झालरीसारखं काहीतरी चिकटलेलं, कडा वळलेल्या, खालून काळपट. आणि एकदम लक्षात आलं, अगं हे दगडफूल! दगडफूल किंवा त्याच्याच कुळातलं काहीतरी. तीस वर्षं मी गोड्या मसाल्याला दगडफूल भाजतेय, वाण्याकडून पुडीत आणलेलं, आणि ते झाडावर जिवंत असताना कधी बघितलंच नव्हतं. नाक जवळ नेलं, ओलसर मातीचा वास, मसाल्याच्या डब्याचा नाही. एक बारीक लाल कोळी त्या झालरीच्या खालून निघाला, कडेपर्यंत आला, थांबला, परत आत गेला. पुन्हा आला. मी त्याचीच वाट बघत बसले. मैत्रिणीने खांद्याला हात लावला तेव्हा कळलं वीस मिनिटं होऊन गेलीत, आणि मला त्या वेळात एकदाही मशीनची घरघर आठवली नव्हती. अडीच तासांत आम्ही एक किलोमीटरसुद्धा चाललो नसू. शेवटी तिने थर्मासमधला गवती चहा दिला, गोलात बसलो, ज्यांना बोलायचं त्या बोलल्या, मी नाही बोलले, कुणी काही म्हणालं नाही.

तर आता बाराशे रुपयांचं. आईचं बरोबर आहे, जंगल फुकट आहे. पण तू एकटी येऊरला गेलीस तर रस्ता कुठला, किती वाजले, मागून कोण येतंय, मैत्रीण मागे राहिली का, पाणी आणलंय का, हे सगळं तूच बघत बसशील, मला खात्री आहे, कारण तू तशीच आहेस, पावणेदोन वर्षं तेच केलंस. गाईडला पैसे द्यायचे ते या पहाऱ्यासाठी. तीन तास घड्याळ दुसऱ्या कुणीतरी बघायचं, वाट दुसऱ्याने बघायची, माणसं दुसऱ्याने मोजायची. तुला ते शेवटचं कधी मिळालं होतं?

फक्त गाईड बरा असला पाहिजे, म्हणून बुकिंग केलेल्या मैत्रिणीला आजच फोन करून विचार की किती जणी आहेत, दहा-बाराच्या वर असतील तर मजा नाही. किती चालायचंय विचार, चार-पाच किलोमीटर म्हणाले तर तो ट्रेक झाला. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, तेव्हा वनखात्याची परवानगी आणि ठरलेली वाट आहे का हे स्पष्ट विचार, "आम्हाला आतली एक सीक्रेट जागा माहितीये" असं कुणी म्हणालं तर नाव काढून घे. प्रथमोपचाराची पेटी, मध्येच परत फिरायचं असेल तर सोबत कोण येणार, बाथरूमची सोय काय, आणि स्पीकर वाजवणार का. हे शेवटचं विचारच. तुमचा वॉक केल्याने डिप्रेशन जातं, डायबिटीस जातो असं छापलेलं असेल तर ती माणसं टाळ.

बिबटे आहेतच येऊरला, ते त्यांचं घर आहे. पण ते बहुतेक संध्याकाळनंतर आणि पहाटे अंधारात फिरतात आणि माणसांच्या घोळक्यापासून लांब राहतात. उजाडल्यावर जायचं, ग्रुप सोडायचा नाही, झुडपाआड एकटं बसायला जायचं नाही. मला बिबट्यापेक्षा पायाखालची जास्त काळजी वाटते, बूट आणि पूर्ण पँट घाल, पाचोळ्यात हात घालू नकोस, दगडावर बसायच्या आधी दगड बघून घे. परफ्यूम नको, वर कुठे आग्या मोहोळ असेल तर उगाच खोड काढल्यासारखं होतं. आणि मे महिन्यात आईकडे गेलीस आणि तिथल्या रानात बसायची इच्छा झाली तर आधी चौकशी कर, सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाचे पेशंट सापडलेत, तो गोचिडीमुळे होतो आणि त्याचे दिवस हिवाळ्यापासून पावसाआधीपर्यंतचे. तिथे पाचोळ्यावर सतरंजी टाकून पडायचं नाही, आणि मेलेलं माकड दिसलं तर लगेच आरोग्य केंद्रात कळवायचं. आईला हे माहीत असेलच, विचार तिला.

आईवरून आठवलं. तिच्या त्या वाक्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ती रानात गेली ती लाकडं आणायला, करवंदं काढायला, गुरं शोधायला, डोक्यावर भारा आणि घरी पोरं. रानात नुसतं बसायला तिला कुणी वेळ दिला असेल असं मला वाटत नाही. लोक हल्ली म्हणतात की आपल्याकडे देवराया होत्याच, जपान्यांनी काय नवीन सांगितलं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात आपल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हापासून त्यावर बरंच लिहिलं गेलंय, आणि देवराईत वाळकी काटकीही उचलायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही, ही शिस्त मला फार मोलाची वाटते. पण तिथे माणसं देवाच्या धाकाने आणि श्रद्धेने जात होती, आराम करायला नाही. दोन्ही एकच म्हणणं मला पटत नाही. तू असं कर, रविवारी वॉकवरून आलीस की आईला फोन लाव आणि बघितलेल्या झाडांचं वर्णन करून सांग. साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोन चौकोन पडलेली, तर ती सांगेल, ऐन गो तो. पांढरंफटक गुळगुळीत खोड म्हणालीस तर कांडोळ ओळखेल. तिचं रान तिने पाठीवर वाहिलंय, नावं तिच्याकडे आहेत.

आता तो बरं दिसेल का चा प्रश्न. कुणाला बरं दिसायला हवंय, मला सांग. शेजारच्यांना? ते रात्री अडीचला कूस बदलायला आले होते का? मला वाटतं हे तू लोकांना नाही, सासूबाईंना विचारतेयस. ज्या बाईच्या पाठीला तू पावणेदोन वर्षं जखम होऊ दिली नाहीस, ती तुला तीन तास झाडाखाली बसायला नाही म्हणेल असं मला अजिबात वाटत नाही. आणि तिथे रडू आलं तर रड. पुष्कळ जणींना येतं. कुणी कारण विचारलं तर सांगायलाच पाहिजे असं नाही.

पण एका रविवारने अडीचची जाग जाणार नाही, हे आत्ताच सांगते म्हणजे सोमवारी रात्री हिरमोड नको. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या लोकांनी जवळजवळ २०,००० माणसांची माहिती तपासली, २०१९ मध्ये ते छापून आलं, आठवड्यातून एकूण १२० मिनिटं तरी झाडामाडांत घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त सांगितलं, आणि ती मिनिटं एकदम घालवली की तुकड्यातुकड्याने याने फरक पडला नाही. आता मुळात बरे असणारेच जास्त बाहेर पडत असतील असंही असू शकतं, ते आहेच. तरी तुझ्यासारखीला ही तुकड्यांची गोष्ट फार सोयीची आहे. वॉकमध्ये शिकून घे कसं उभं राहायचं, कसं बघायचं, ते काही अवघड नाही, आणि मग दर आठवड्याला बाराशे घालायची गरज नाही. उपवन तलावाच्या बाजूला सकाळी लवकर गेलीस तर गर्दी कमी असते. ते नाही जमलं तर बँकेतून घरी येताना वाटेत एखादा मोठा रेन ट्री असेलच, पर्जन्यवृक्ष म्हणतात तो, ठाण्यात रस्त्यांवर आहेत.

अजून तीन-चार आठवड्यांत झोप सुधारली नाही, किंवा दिवसाही काही नकोसं वाटायला लागलं, भूक गेली, ऑफिसात मन लागेना, तर बीपीच्या डॉक्टरांना ही अडीचची गोष्ट सांग, त्यांना तू सांगितलेलीच नसणार. ते मानसोपचारवाल्यांकडे पाठवतील तर जा. बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतून बोलता येतं. आणि तोपर्यंत रात्री जाग आली की दारापर्यंत जायच्या ऐवजी खिडकीपाशी जा, बाहेर झाड असेल तर त्याच्याकडे बघत उभी राहा, मोबाईल उचलू नकोस.

त्या रेन ट्रीचं राहिलं. रविवार यायच्या आधीच एखाद्या संध्याकाळी दिवस मावळायच्या सुमाराला त्याच्याखाली दहा मिनिटं उभी राहा आणि एकच फांदी निवडून बघत राहा. त्याची बारीक बारीक पानं तेव्हा मिटायला लागतात, समोरासमोरची जोडीजोडीने, आणि मघाशी जिथे नुसता हिरवा रंग होता तिथून आभाळ दिसायला लागतं. मग रविवारी जाऊन ये आणि कुठलं झाड निवडलंस ते मला कळव.